खिळा दिसतोय तोवरच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: फ्लोरिडातील घरदुरुस्ती आणि बांधकामाचं परमिट

अटलांटिकचा वादळी हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. या सहा महिन्यांत फ्लोरिडातल्या उडालेल्या छपरांची छायाचित्रं मराठी वृत्तपत्रांतही येतात. टँपा, ऑरलँडो, मायामी या बाजूला घरं घेतलेली मराठी कुटुंबं आता कमी नाहीत, आणि त्यांची महाराष्ट्रातली माणसंही ही पानं वाचतात. छायाचित्रात छप्पर उडालेलं दिसतं, ते का उडालं हे दिसत नाही. पुष्कळदा कारण जेमतेम अडीच इंचांच्या खिळ्यात असतं. तो खिळा नीट बसला की नाही हे बघायची वेळ एकदाच येते, वरून शिंगल, म्हणजे छपरावरचे चपटे तुकडे, बसण्याआधी. परमिट, म्हणजे बांधकामाची सरकारी परवानगी आणि तिच्यासोबतची तपासणी, त्या एका वेळेसाठी असतं. ‘शहराने पैसे उकळायला काढलेला कागद’ असं म्हणून ते टाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे पत्र.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू हे वादळ मायामीच्या दक्षिणेला धडकलं. नंतर घरं तपासली तेव्हा ठिकठिकाणी एकच गोष्ट दिसली. छपराचं प्लायवुड ज्या लाकडी ट्रसना (छपराच्या सांगाड्याच्या कैच्यांना) धरून असायला हवं, त्यांना ते धरूनच नव्हतं. स्टेपलगनने मारलेल्या पिना ट्रस चुकवून शेजारच्या पोकळीत गेल्या होत्या, आणि वरून शिंगल पडल्यावर ते कोणालाच कळलं नव्हतं. त्या धड्यातून राज्यभरासाठी बांधकामाची एकच नियमावली, फ्लोरिडा बिल्डिंग कोड, आली, १ मार्च २००२ पासून. हा कोड दर तीन वर्षांनी नवा होतो. आठवी आवृत्ती ३१ डिसेंबर २०२३ ला लागू झाली. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंटींना (जिल्ह्यांना) त्यात ‘हाय व्हेलॉसिटी हरिकेन झोन’, म्हणजे अतिवेगवान वादळी वाऱ्याचा पट्टा, म्हणून वेगळे, जास्त कडक नियम आहेत.

या झोनमध्ये साध्या राहत्या घराचा हिशेब मायामी-डेडमध्ये ताशी १७५ मैल आणि ब्रॉवर्डमध्ये १७० मैल वाऱ्याला धरून करतात. हा आकडा तीन सेकंदांच्या झोताचा आहे. बातम्यांतली ‘कॅटेगरी’ एका मिनिटाच्या सरासरी वेगावर ठरते, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘माझं घर कॅटेगरी पाच झेलेल’ असं समजू नये. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १४० चे १७५ झाले की वेग वाढतो पाव पट, दाब मात्र छप्पन्न टक्क्यांनी वाढतो. एका काउंटीत पास झालेली खिडकी दुसरीत का चालत नाही, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

परमिट कशाला लागतं? रंगरंगोटी, गालिचा, किचनच्या कपाटांची दारं यांना सहसा लागत नाही. छप्पर, खिडक्या, बाहेरची दारं, गॅरेज डोअर, शटर, एसी बदलणं, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनेल, जनरेटर, आतली भिंत पाडणं, आणि बहुतेक ठिकाणी कुंपण व बागेतली शेडसुद्धा, या सगळ्यांना लागतं. घरामागच्या जाळीच्या लनाईला, म्हणजे व्हरांड्याला, काचा लावून खोली करायचा मोह अनेकांना होतो. कोडच्या दृष्टीने ती नवी खोलीच. पाया, वाऱ्याचा भार, उष्णतारोधन, पूरपातळी, सगळं पहिल्यापासून तपासलं जातं. विनापरमिट कामांच्या तक्रारींत या लनाईचा नंबर बराच वर असतो. अर्ज भरण्याआधी एक साधी गोष्ट बघावी: घर शहराच्या हद्दीत येतं की हद्दीबाहेरच्या काउंटीत. टपालाच्या पत्त्यावर शहराचं नाव असतं म्हणून माणसं शहराच्या कचेरीत अर्ज भरतात आणि आठवडा वाया घालवतात. प्रॉपर्टी अप्रेझरच्या, म्हणजे घरांचं मूल्य ठरवणाऱ्या काउंटी अधिकाऱ्याच्या, नोंदीत हद्द स्पष्ट लिहिलेली असते.

आता छप्पर. जुनं छप्पर काढून नवं घालताना कोड सांगतो की प्लायवुड उघडं पडल्यावर ते पुन्हा खिळून घ्या. जुन्या घरांत बहुधा गुळगुळीत खिळे किंवा पिना असतात. त्यांच्या जोडीला अंगावर कडी असलेले, म्हणजे रिंग-शँक, ८डी मापाचे खिळे प्रत्येक ट्रसवर सहा-सहा इंचांवर मारायचे. कड्यांमुळे खिळा लाकडात अडकतो आणि वर ओढला तरी सहज निघत नाही. चूक दोन ठिकाणी होते. काँप्रेसरचा दाब जास्त ठेवला की खिळ्याचं डोकं प्लायवुडचा वरचा थर फोडून आत घुसतं. वरून रांग सुबक दिसते, पकड मात्र गेलेली असते. दुसरी चूक अँड्र्यूच्या वेळचीच, खिळा ट्रसला चुकणं. माळ्यावर टॉर्च घेऊन चढलात तर ट्रसच्या शेजारी चकाकणारी खिळ्यांची टोकं दिसतील. कामगार त्यांना ‘शायनर’ म्हणतात. एखाद-दुसरा शायनर कुठेही सापडेल, पण एका ट्रसच्या कडेला ओळीने दिसले तर ती अख्खी रांग पुन्हा मारून घ्यावी, आणि ती शिंगल यायच्या आधीच.

त्यानंतर प्लायवुडच्या सांध्यांवर चार इंच रुंदीची, स्वतःहून चिकटणारी बिटुमेनची पट्टी आणि तिच्यावर अंडरलेमेंट, म्हणजे शिंगलखालचा जलरोधक थर. किंवा सगळ्या छपरावर चिकटणारा थर. किंवा अंडरलेमेंटचे दोन थर. हा पाण्याचा दुसरा अडसर. शिंगल उडाली तरी घरात धार लागू नये, यासाठी तो असतो. वादळानंतर छताचे जिप्समचे तक्ते कोसळतात, गाद्या भिजतात, भिंतींना बुरशी धरते, ते बहुतेक या सांध्यांतून उतरलेल्या पाण्याने. छपराचा सांगाडा तोवर जागेवरच असतो. म्हणून इन्स्पेक्टर या टप्प्यावर यायला हवा. काही ठिकाणी काँट्रॅक्टरचं प्रतिज्ञापत्र आणि फोटो चालतात. तसं असेल तर त्या फोटोंत टेप अंथरून दाखवलेलं खिळ्यांतलं अंतर आणि घराचा क्रमांक दिसतो का, हे मालकाने बघावं. दुसऱ्याच घराचे फोटो जोडलेली प्रकरणं दुर्मीळ नाहीत.

छप्पर भिंतीला कशाने बांधलं आहे, हा याच्याही आधीचा प्रश्न. जुन्या घरांत ट्रस भिंतीवर नुसते तिरके खिळे मारून बसवलेला असतो. वारा छपराला वर ओढतो तेव्हा ते खिळे एकेक करून उपटतात. त्याऐवजी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची क्लिप हवी, किंवा त्याहून चांगला, ट्रसवरून वळवून दुसऱ्या बाजूला खिळलेला पट्टा. घर १ मार्च २००२ आधीच्या परमिटचं असेल, ‘उडत्या मलब्याच्या पट्ट्यात’ (तो कोणता, हे पुढे खिडक्यांच्या भागात) असेल आणि विम्याची रक्कम ३,००,००० डॉलर किंवा जास्त असेल, तर छप्पर बदलताना हे सांधे सुधारणं कोडने सक्तीचं केलं आहे. खर्चाला मर्यादा आहे, छपराच्या खर्चाच्या १५ टक्के. छप्पर २४,००० डॉलरचं असेल तर ३,६०० डॉलरपर्यंत. तेवढ्यात सगळे ट्रस होत नसतील तर आधी गेबलची (छपराच्या त्रिकोणी बाजूची) टोकं आणि घराचे चारही कोपरे घ्यायचे, कारण ओढ तिथे सर्वांत जास्त असते. स्वस्त निविदेत हे कलम बहुधा गायब असतं. विचारलं की उत्तर येतं, ‘तुमच्या घराला लागत नाही.’ ते उत्तर लेखी मागावं.

२५ टक्क्यांच्या नियमावरून बराच गोंधळ आहे. बारा महिन्यांत छपराच्या किंवा त्याच्या स्वतंत्र भागाच्या २५ टक्क्यांहून जास्त क्षेत्राची दुरुस्ती झाली तर तो सगळा भाग आजच्या कोडप्रमाणे नवा करावा लागे. २०२२ च्या कायद्याने यात सूट दिली. छप्पर २००७ च्या कोडप्रमाणे किंवा त्यानंतरच्या कोडप्रमाणे बांधलेलं असेल, तर दुरुस्त केला तेवढाच भाग आजच्या कोडला उतरला की पुरे. २००७ चा तो कोड १ मार्च २००९ ला लागू झाला. तेव्हा आपल्या छपराच्या परमिटची तारीख शोधून ठेवावी. ‘पूर्ण छप्परच बदलावं लागेल’ असं दारावर येऊन सांगणाऱ्याला ती तारीख दाखवली की संभाषण लवकर आटोपतं.

खिडक्या-दारांचा हिशेब वेगळा. किनाऱ्यापासून एक मैलाच्या आत वाऱ्याचा हिशेबात धरलेला वेग ताशी १३० मैल किंवा जास्त, अथवा कुठेही १४० मैल किंवा जास्त, अशा जागांना ‘उडत्या मलब्याचा पट्टा’ म्हणतात. तिथे काच आघात झेलणारी हवी, नाही तर तिच्यावर शटर. चाचणीत नऊ पौंडांचा दोन-बाय-चारचा लाकडी ठोकळा सेकंदाला पन्नास फुटांच्या वेगाने काचेवर मारतात, मग दाबाचे हजारो आलटून-पालटून झटके देतात. काच तडकली तरी चालते, भोक पडता कामा नये. कारण खिडकी किंवा गॅरेज डोअर फुटलं की वारा घरात शिरतो आणि छपराला आतून वर ढकलतो. हिशेबात या आतल्या दाबाचा गुणांक बंद घरासाठी ०.१८ धरतात, अर्धवट उघड्या घरासाठी ०.५५. म्हणजे तिप्पट. बाहेरून ओढ आणि आतून धक्का, दोन्ही एकाच वेळी. गॅरेज डोअर हे घरातलं सर्वांत मोठं तोंड आणि बहुतेक घरांत सर्वांत कमकुवतही. खिडक्यांवर हजारो डॉलर घालून जुनं गॅरेज डोअर तसंच ठेवणारे लोक पाहिले की कपाळावर हात जातो.

अर्जासोबत प्रत्येक उत्पादनाचं मान्यतापत्र लागतं. राज्याच्या मान्यतेचा क्रमांक ‘एफएल’ने सुरू होतो. मायामी-डेडच्या मान्यतेला ‘एनओए’ म्हणतात आणि तिला मुदत असते. परमिट निघतं त्या दिवशी ती चालू असावी लागते. नकाशावर प्रत्येक खिडकीला क्रमांक द्यावा आणि तिच्यापुढे दोन आकडे लिहावेत: लागणारा दाब आणि उत्पादनाची क्षमता. उदाहरणार्थ, लागतो +४२/−५६, क्षमता +५०/−६०, चौरस फुटाला पौंडांत. कोपऱ्याजवळच्या खिडकीला ओढीचा, म्हणजे उणे आकडा मोठा लागतो. सगळ्या खिडक्यांना मधल्या भिंतीचाच आकडा लिहिला म्हणून परत आलेले अर्ज खूप असतात.

बसवताना गडबड होते ती स्क्रूमध्ये. मान्यतापत्राच्या चित्रात स्क्रूची जाडी, दोन स्क्रूंमधलं अंतर, काँक्रीटच्या कडेपासूनचं अंतर आणि आत किती खोल जायला हवा, हे सगळं दिलेलं असतं. चौकट आणि भिंत यांमधली फट बहुधा पाव इंचापेक्षा जास्त चालत नाही. जुनी खिडकी काढल्यावर भोक वाकडं निघतं. मग कामगार अर्धा-पाऊण इंच फट शिमच्या चकत्यांनी भरतो आणि स्क्रू मात्र आधी आणलेलाच वापरतो. तो चौकट आणि शिम पार करून काँक्रीटमध्ये जेमतेम पोचतो. वरून कॉकिंग, म्हणजे फट बुजवणारा लेप, फिरलं की भिंत छान दिसते. म्हणून कॉकिंग आणि ट्रिम लावायच्या आधी तपासणी मागवावी. काचेवरचं लेबल अंतिम तपासणी होईपर्यंत काढू नये. घर आवरण्याच्या उत्साहात ते खरवडून टाकलं की ती काच कोणती, हे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. हाय व्हेलॉसिटी झोनच्या बाहेर, एक-दोन मजली घरांना शटर म्हणून ७/१६ इंचाचं प्लायवुडही चालतं, पण पट्टा आठ फुटांपेक्षा लांब नको, आणि ते आधीच मापात कापलेलं, भोकं पाडलेलं, बोल्ट तयार असलेलं हवं. वादळाच्या आदल्या दिवशी दुकानातून आणलेली अख्खी फळी त्यात बसत नाही.

एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, परवानगी हा वेगळा कागद. तिने परमिटचं काम भागत नाही, आणि परमिटने तिचं. मात्र २०२४ पासून एचओएला वादळरोधक बांधणीचे निकष ठरवून ठेवावे लागतात, आणि त्यांत बसणाऱ्या शटर-खिडक्यांना नाही म्हणता येत नाही. हे बऱ्याच समित्यांना अजून ठाऊक नसतं.

आता पाणी. पूरक्षेत्रातल्या घराला ‘५० टक्के’ नियम लागतो, आणि मालकांना सर्वांत महाग पडणारी चूक ती हीच. काम घराच्या बाजारमूल्याच्या निम्मं किंवा जास्त झालं, तर सगळं घर आजच्या पूरनियमांत आणावं लागतं. यात मूल्य फक्त इमारतीचं धरतात, जमीन वगळून. समजा सहा लाख डॉलरच्या घरात इमारत २,२०,००० डॉलरची आहे. मर्यादा १,१०,०००. किचन ४८,०००, छप्पर २६,०००, खिडक्या ३१,००० मिळून १,०५,००० होतात. त्यात ९,००० चा एसी आला की मर्यादा ओलांडली. मग जमिनीलगतचं घर उचलून त्याची सर्वांत खालची फरशी पूरपातळीच्या किमान एक फूट वर न्यावी लागते. स्लॅबवरच्या घराला हे बहुधा परवडत नाही. लोक ते पाडतात. स्वतः केलेली मजुरी आणि फुकट मिळालेलं सामानही बाजारभावाने धरतात. नकाशे, सर्व्हे, परमिट शुल्क, मलबा उचलणं, वेगळी उभी असलेली शेड किंवा कुंपण हे धरत नाहीत. एकच काम तुकड्यांत दाखवून आकडा खाली आणायचा प्रयत्न कचेरी ओळखते. काउंटीने धरलेलं मूल्य कमी वाटत असेल तर परवानाधारक मूल्यमापकाचा अहवाल देता येतो. तो काम सुरू व्हायच्या आधीच्या स्थितीचा असावा.

२०२४ मध्ये हेलीन हे वादळ २६ सप्टेंबरला आणि मिल्टन ९ ऑक्टोबरला आलं. फ्लोरिडाच्या आखाती (पश्चिम) किनाऱ्यावर पाणी भरलेल्या घरांत पुष्कळांनी भिंतीचं जिप्सम चार फुटांपर्यंत कापून काढलं. ते योग्यच होतं. ओलं सामान काढायला, छपरावर ताडपत्री टाकायला कोणी परमिटची वाट बघू नये. कोडमध्येही तातडीच्या कामाला सवलत आहे, अर्ज पुढच्या कामाच्या दिवशी दिला की झालं. चुकलं ते पुढे. खाऱ्या पाण्यात बुडालेले सॉकेट आणि तारा न बदलता नवं जिप्सम चढवलं गेलं, परमिट न घेता. मीठ तांब्याला खात राहतं आणि सांधा महिन्यांनी तापतो.

परमिट कोणाच्या नावावर, हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण आहे मोठा. काम करणारा काँट्रॅक्टर म्हणाला, ‘तुम्हीच मालक म्हणून परमिट काढा, स्वस्त पडतं,’ तर तिथेच थांबावं. मालकाला स्वतःच्या राहत्या घरासाठी तशी सूट कायद्यात आहे. पण त्या अर्जावर सही करणारा लिहून देतो की देखरेख मी करीन, बिनपरवाना काँट्रॅक्टर लावणार नाही, आणि काम संपल्यापासून वर्षभरात घर विकणार किंवा भाड्याने देणार नाही. काही बिघडलं, कामगार पडला, तर जबाबदारी सही करणाऱ्यावर. ज्याच्याकडे परवाना असतो तो सहसा स्वतःच्याच नावावर परमिट काढतो. परवाना डीबीपीआर या राज्य खात्याच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. छपराच्या राज्य-प्रमाणित काँट्रॅक्टरचा क्रमांक ‘सीसीसी’ने सुरू होतो. आणीबाणी जाहीर असताना बिनपरवाना काम घेणं हा फ्लोरिडात गंभीर गुन्हा आहे. तरी वादळानंतरच्या आठवड्यात दुसऱ्या राज्यांच्या पाट्या लावलेले ट्रक दारोदार फिरतातच.

करार ५,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर ‘नोटिस ऑफ कमेन्समेंट’, म्हणजे काम सुरू होत असल्याची नोटीस, काउंटीच्या क्लार्ककडे नोंदवावी लागते. फक्त एसी बदलायचा असेल तर ही मर्यादा १५,००० आहे. नोंदीनंतर ९० दिवसांत काम सुरू व्हावं, आणि वेगळं लिहिलं नसेल तर तिची मुदत एक वर्ष. ती नोंदवली नाही तर पहिली तपासणीच होत नाही. त्याहून मोठा धोका पैशाचा. काँट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले आणि त्याने शिंगल पुरवणाऱ्याचे थकवले, तर तो पुरवठादार घरावर बोजा चढवू शकतो. मालक एकाच छपराचे दोनदा पैसे देतो. शेवटचा हप्ता देण्याआधी काँट्रॅक्टर आणि पुरवठादार दोघांकडून बोजामुक्तीचं पत्र घ्यावं.

परमिट मिळाल्यावर १८० दिवसांत काम सुरू न झालं, किंवा मध्येच तेवढे दिवस बंद पडलं, तर ते रद्द होतं. विनापरमिट सापडलं तर नेहमीच्या शुल्कावर तेवढंच आणखी पडतं, आणि झाकलेलं काम उघडून दाखवावं लागतं. खर्चाचा मुख्य भाग हाच. अंतिम तपासणी राहून गेलेली परमिटं तर घरोघरी सापडतात. काम पूर्ण, पैसे दिलेले, इन्स्पेक्टरला मात्र कोणी बोलावलंच नाही. दहा वर्षांनी घर विकताना ते ‘ओपन परमिट’ वर येतं, तोवर काँट्रॅक्टरचा धंदाही बंद झालेला असतो. शहराच्या किंवा काउंटीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की परमिटची यादी निघते. घर विकत घेणाऱ्यानेही सौद्याआधी ती बघावी.

विम्यातली सवलत ‘ओआयआर-बी१-१८०२’ या तपासणी फॉर्मवर मिळते, आणि तो पाच वर्षं चालतो. तपासनीस माळ्यावर चढून पट्टे मोजतो. पट्ट्याला समोरून किमान दोन आणि पलीकडून एक खिळा नसेल तर तो ‘रॅप’ (ट्रसला वेढा देणारा पट्टा) धरत नाही. क्लिपला किमान तीन खिळे लागतात. एक खिळा कमी पडला तरी फॉर्मवर खालचा वर्ग लागतो. छप्पर उघडं असताना काँट्रॅक्टरकडे शिडी असतेच. त्याच दिवशी तो तिसरा खिळा मारून घ्यावा आणि फोटो परमिट क्रमांकासह जपून ठेवावा.

आपले नम्र,
बांधकाम आणि तपासणीच्या क्षेत्रातले काही वाचक